'लॅब टेस्टेड' म्हणजे नक्की काय तपासले?

शहरांत आता मटण घरपोच येऊ लागले आहे. थंड डब्यात, स्वच्छ कापलेले आणि वर दोन शब्द छापलेले: 'हलाल' आणि 'लॅब टेस्टेड'. पहिल्या शब्दाबद्दल आपण चांगलेच चौकस असतो. जबीहा कोणी केला, हाताने झाला की यंत्राने, प्रमाणपत्र कोणी दिले, हे प्रश्न आपल्या घरातल्या अम्मी-दादी दुकानदाराला तोंडावर विचारतात. दुसऱ्या शब्दापुढे मात्र सगळे गप्प. लॅबने सांगितले, म्हणजे खरेच असणार!

हलालच्या जोडीने 'तय्यब' हा शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अन्न जायज असावे तसे ते पाक आणि चांगलेही असावे. मग त्या दुसऱ्या शिक्क्यालाही चार प्रश्न विचारायला हरकत नाही. या महिन्यात मांसातल्या परजीवींच्या, म्हणजे जंत आणि त्यांच्या अळ्यांच्या, तपासणीबद्दल लिहिते.

करोनाच्या काळात 'रिपोर्ट निगेटिव्ह' हे शब्द घराघरांत पोहोचले. निगेटिव्ह म्हणजे 'नाही' असा आपला समज झाला. खरे तर त्याचा अर्थ एवढाच, की 'शोधले, सापडले नाही'. न सापडण्याला कारणे अनेक असतात. ती गोष्ट खरोखर नसेल. किंवा असेल, पण जो तुकडा तपासला त्यात नसेल. किंवा त्या तुकड्यातही असेल, पण शोधणाऱ्याच्या नजरेतून निसटली असेल. आणि चौथे कारण सर्वांत साधे: ती गोष्ट कोणी शोधलीच नसेल. चारही वेळा कागदावर काळजीचे काही दिसणार नाही.

या प्रश्नावर जगात सर्वांत जास्त डोकेफोड झाली ती युरोपात, आणि तीही ट्रायकिनेला नावाच्या एका बारीक अळीमुळे. ही अळी प्रामुख्याने डुकराच्या मांसात असते, म्हणून आपला तिच्याशी संबंध नाही असे वाटेल. पण गोष्ट डुकरापाशी थांबत नाही, म्हणून थोडे ऐकून घ्या.

ही अळी स्नायूत वेटोळे करून बसते. मांस कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाल्ले, तर माणसाला ताप येतो, डोळ्यांभोवती सूज येते, स्नायू असह्य दुखतात. १८६५ साली जर्मनीतल्या हेडर्सलेबेन गावात अशा मांसाने ३३७ माणसे आजारी पडली, त्यांतली १०१ दगावली. रुडॉल्फ विरखो या नामांकित डॉक्टरांनी मांसाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व्हावी म्हणून आग्रह धरला आणि हळूहळू ती सक्तीची झाली. मांसाचे बारीक तुकडे दोन काचांमध्ये दाबायचे आणि एकेक निरखत बसायचे, अशी ती पद्धत. अळ्या भरपूर असतील तर दिसत. थोड्या असतील तर निसटत.

पुढे वेगळी युक्ती निघाली. आपल्या जठरात मांस जसे पचते, तसे ते भांड्यात पचवायचे. मांस विरघळते, जिवंत अळी विरघळत नाही, ती तळाशी उरते. आज युरोपीय संघात हीच पद्धत प्रमाण मानतात. शंभर जनावरांचे एकेक ग्रॅम मांस एकत्र करतात. दोन लिटर पाणी ४६ ते ४८ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात १६ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. नंतर १० ग्रॅम पेप्सिन, म्हणजे जठरातलेच पाचक द्रव्य. त्यात बारीक केलेले मांस टाकून अर्धा तास ढवळतात, चाळणीतून गाळतात, खाली बसू देतात आणि तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही हे वाचून कळेल, की यात बिघडण्याजोग्या जागा किती आहेत. पाणी जास्त तापले तर पेप्सिन निकामी होते. पेप्सिन आधी टाकून त्यावर कडक आम्ल ओतले तरी ते खराब होते. म्हणून आम्ल आधी, पेप्सिन शेवटी. मांस नीट बारीक झाले नाही तर गोळे तसेच राहतात आणि अळ्या त्यांच्या आत अडकतात. याला त्यांनी मोजमाप ठरवले आहे: चाळणीवर उरलेला चोथा मूळ मांसाच्या पाच टक्क्यांहून जास्त असेल, तर पचन नीट झाले असे मानायचे नाही. अशा वेळी 'काही सापडले नाही' असे लिहिण्याचा हक्कच प्रयोगशाळेला नाही. मला हा नियम फार आवडतो. न सापडण्यालाही काही अट असते, हे त्यात कोणी तरी लिहून ठेवले आहे.

आता घोड्याची गोष्ट. घोड्याच्या मांसाबद्दल फिकहात मतभेद आहेत, कोकणातले शाफई आणि देशावरचे हनफी यावर वेगळे बोलतील. तो विषय आज नाही. फ्रान्स आणि इटलीत ते खाल्ले जाते, फ्रान्समध्ये तर कित्येकदा कच्चे. घोडा गवत खाणारा प्राणी, त्याला मांसातली अळी कुठून लागणार, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. १९७५ साली पॅरिसजवळ मोठी साथ झाली. १९८५ साली फ्रान्समध्ये लागोपाठ दोन साथींत हजाराहून अधिक लोक आजारी पडले. घोड्यांच्या चाऱ्यात प्राण्यांचे अवशेष गेले असावेत, असे मानले जाते.

त्यानंतर घोड्याच्या मांसाची तपासणी सुरू झाली. प्रश्न सुटायला हवा होता. पण १९९०च्या दशकात साथी येतच राहिल्या आणि १९९८ साली पुन्हा शेकडो लोक आजारी पडले. म्हणजे तपासणी होती, शिक्का होता आणि मांसात अळीही होती! शोध घेतल्यावर बोट गेले ते तपासणीवरच. घोड्यात या अळ्या मुख्यतः जीभ आणि जबड्याच्या स्नायूत जमतात, अन्य ठिकाणी विरळ. नमुना भलत्याच जागचा किंवा अपुरा घेतला, तर पुढची सगळी मेहनत वाया. आता नियम असा आहे, की घोड्याच्या जिभेचे किंवा जबड्याचे निदान १० ग्रॅम मांस घ्यायचे आणि प्रत्येक जनावरामागे निदान ५ ग्रॅम पचवायचे.

या अनुभवातून एक गोष्ट पक्की झाली: मांस तपासणे पुरेसे नाही, तपासणाऱ्यालाही तपासले पाहिजे. ते कसे करतात, हे आम्हा शिक्षकांना चटकन समजेल. दहावीच्या उत्तरपत्रिका परीक्षक तपासतो आणि त्यांतल्या काही मॉडरेटर पुन्हा पाहतो. पण मॉडरेटरलाही खरे उत्तर आधी ठाऊक नसते. प्रयोगशाळांची परीक्षा याच्या पुढे जाते. मोजक्या अळ्या मुद्दाम आत लपवलेले मांसाचे गोळे त्यांना पाठवले जातात. कोणत्या गोळ्यात किती अळ्या आहेत, हे पाठवणाऱ्याला माहीत असते, तपासणाऱ्याला नाही. काही गोळ्यांत एकही अळी नसते. तीही मेख आहेच. कारण आधीच्या नमुन्याचे भांडे नीट धुतले नसेल, तर रिकाम्या गोळ्यातही अळी 'सापडते'. युरोपातल्या देशोदेशीच्या मुख्य प्रयोगशाळांची अशी परीक्षा रोममधली युरोपीय संघाची संदर्भ प्रयोगशाळा घेते आणि त्या आपापल्या देशातल्या छोट्या प्रयोगशाळांची घेतात. ज्यांना अळ्या सापडत नाहीत, त्यांना चूक कुठे झाली ते शोधून पुन्हा परीक्षेला बसावे लागते. थर्मामीटर आणि तराजू वेळोवेळी पडताळायचे, पेप्सिनच्या प्रत्येक बाटलीचा क्रमांक वहीत नोंदवायचा, ही कामे वेगळीच. कंटाळवाणी आहेत खरी, पण 'निगेटिव्ह' या शब्दाला वजन येते ते या वह्यांमुळे.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांना एनएबीएल ही संस्था मान्यता देते, आयएसओ १७०२५ या जागतिक मानकानुसार. पण ही मान्यता सरसकट नसते. कोणत्या पदार्थाच्या कोणत्या तपासणीसाठी ती आहे, याची यादी असते आणि ती एनएबीएलच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. जिवाणूंच्या तपासणीला मान्यता असलेली प्रयोगशाळा परजीवींसाठीही मान्य असेलच असे नाही. मांसाच्या बाबतीत प्रयोगशाळेत साधारणतः शोधले जातात ते जिवाणू आणि जनावराला दिलेल्या औषधांचे अंश. परजीवींची पाहणी मुख्यतः होते ती कत्तलखान्यात, पशुवैद्यकाच्या डोळ्यांनी, बोटांनी आणि सुरीने. म्हणून डब्यावरचे 'लॅब टेस्टेड' वाचून विक्रेत्याला खुशाल विचारा: कशासाठी तपासले? कोणत्या प्रयोगशाळेत? दर खेपेला तपासता की वर्षातून एकदा? आणि हे जनावर कापले त्या जागी पशुवैद्यक होते का? मला विचाराल तर यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा.

आणि बकरीदला? देवनारसारख्या महापालिकेच्या कत्तलखान्यात पशुवैद्यक असतात. पण गावात, वाडीत, ठरवून दिलेल्या तात्पुरत्या जागी कुर्बानी होते, तेव्हा कलेजी आणि फुप्फुस आपल्यासमोर उघडे होते आणि पाहणारे डोळे असतात कसायाचे आणि आपले. शेळ्या-मेंढ्यांच्या आणि म्हशींच्या कलेजीत किंवा फुप्फुसात कधी पांढरट, पाण्याने भरलेली, टणक पिशवी दिसते. लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी. ही हायडॅटिडची गाठ असू शकते. एका छोट्या फीतकृमीची ही अळी-अवस्था. मोठा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि जेमतेम काही मिलिमीटरचा असतो.

याबद्दल लोकांची समजूत नेमकी उलटी असते. अशी कलेजी खाल्ली तर रोग होईल म्हणून आपण ती घाबरून टाकून देतो, आणि टाकतो कुठे, तर दारातल्या कुत्र्यापुढे! माणसाला हा रोग गाठ खाऊन होत नाही. तो होतो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमधून, मातीने, न धुतलेल्या भाजीने, मुलांच्या हातांनी. कुत्र्याने ती गाठ खाल्ली की साधारण दीड-दोन महिन्यांत त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. ईदच्या दिवशी फेकलेली कलेजी कोणा तरी मुलाच्या यकृतात पुढे वर्षानुवर्षे हळूहळू वाढत राहते, आणि शेवटी बहुतेकदा ऑपरेशनची पाळी येते.

शेळीच्या पोटातल्या चरबीच्या पडद्यावर लोंबणारी पातळ पाण्याची पिशवीही दिसते. ती बहुधा वेगळ्या कृमीची असते आणि माणसाला तिचा त्रास नाही. दोन्हींतला फरक खात्रीने सांगायला जाणकार लागतो, प्रसंगी प्रयोगशाळा. पण आपल्याला तो ओळखण्याची गरज नाही, कारण दोन्हींचे करायचे एकच: पिशवी फोडायची नाही, तो अवयव पूर्ण बाजूला काढायचा आणि कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरायचा, किंवा महापालिकेच्या गाडीत द्यायचा. पुरायला जागा नसेल तर अर्धा तास चांगला उकळून मग टाकायचा. जनावर अंगाने धडधाकट असेल, तर बाकीचे मांस खायला अडचण नसते. कुर्बानी दुरुस्त झाली की नाही, हा सवाल आपल्या मौलाना साहेबांना विचारावा. तो माझ्या अखत्यारीतला नाही.

आइसलँडमध्ये एके काळी हा रोग फार होता. तिथे १८६४ साली हाराल्ड क्राबे या डॉक्टरांची एक छोटी पुस्तिका घरोघर वाटली गेली: कुत्र्याला गाठी खाऊ घालू नका, त्या नष्ट करा. पुढे कायदेही झाले आणि काही दशकांत तो देश या रोगातून सुटला. तिथे घराघरातल्या माणसांनीच पाहणी केली होती.

एक परजीवी मात्र डोळ्यांना दिसतच नाही, आणि कत्तलखान्यातही नेहमीच्या पाहणीत सापडत नाही. त्याचे नाव टॉक्सोप्लाझ्मा. शेळी-मेंढीच्या मांसात तो असू शकतो. निरोगी माणसाला सहसा कळतही नाही, पण गरोदर बाईला नव्याने लागण झाली तर पोटातल्या बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते. इथे वरचे चौथे कारण लागू पडते: रिपोर्टमध्ये तो नाही, कारण कोणी शोधलाच नाही. आपले सालन तास-दीड तास शिजते, त्यात तो टिकत नाही. भीती असते ती ईदच्या संध्याकाळी गच्चीवर भाजलेल्या, बाहेरून काळ्या आणि आतून गुलाबी राहिलेल्या सीख कबाबांची. आणि आपल्या घरांतल्या एका जुन्या सवयीची: कबाबाचा कच्चा कीमा मळताना मीठ बरोबर आहे का म्हणून बोटावर घेऊन चाखण्याची. सून गरोदर असेल तर हे काम तिच्याकडे देऊ नका, आणि बाकीच्यांनीही मिठाचा अंदाज घ्यायचा तर सुपारीएवढी टिक्की तव्यावर पूर्ण भाजून चाखावी. कच्चा कीमा हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि सॅलडची काकडी त्याच पाटावर, त्याच सुरीने कापू नये.