पाऊस झाला म्हणजे किती झाला?

खरीप हंगामापूर्वी गावोगावी ज्या शेतकरी सभा भरतात, त्यांतून हवामानाचा अंदाज वाचून दाखविण्याचे काम बहुधा आम्हां कृषी अधिकाऱ्यांकडे येते. अशाच एका सभेत मी "तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता" असे वाचले. तेव्हा मागे बसलेले एक वृद्ध शेतकरी उठून म्हणाले, "साहेब, तुरळक का मुसळधार, एक काय ते सांगा. दोन्ही एकदम कसं व्हायचं?" सभेत हशा पिकला आणि मीही हसलो. परंतु घरी परतताना ध्यानात आले की, प्रश्न विनोदाचा नव्हता आणि मी त्याचे उत्तर दिले नव्हते.

हवामान खात्याच्या परिभाषेत "तुरळक" हे पावसाचे विशेषण नसून जागेचे आहे. एखाद्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर "तुरळक ठिकाणी" असे म्हणतात; अर्ध्यापर्यंत केंद्रे असतील, तर "काही ठिकाणी". "मुसळधार" हा शब्द मात्र पावसाच्या मापाचा होय. चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस झाला, तर तो मुसळधार, त्यापुढे 204.4 पर्यंत अतिमुसळधार. आता गावाकडे तुरळक म्हणजे काय, ते सर्वांस ठाऊक आहेच. चार थेंब पडले, धूळ बसली, एवढाच त्याचा अर्थ. "तुरळक" हा पहिलाच शब्द कानी पडल्यावर ज्याने खळ्यावरची रास झाकली नाही, त्याला दोष कसा द्यावा?

मुसळधार या शब्दाचीही तीच गत आहे. मुसळाएवढ्या जाड धारा, असा त्याचा सरळ अर्थ. शेतकरी पावसाचा जोर पाहतो, तर खाते चोवीस तासांची बेरीज पाहते. वैशाखात अर्ध्या तासात कोसळलेला 25 मिलिमीटरांचा वळीव गावाच्या दृष्टीने मुसळधार असतो. खात्याच्या नोंदवहीत तो "मध्यम" ठरतो. उलट श्रावणात दिवसरात्र रिपरिप करून 70 मिलिमीटर पाडणाऱ्या झडीला गावात कोणी मुसळधार म्हणणार नाही, पण नोंदवहीत ती मुसळधार आहे. दोन्ही मापे आपापल्या जागी खरी आहेत. जमिनीला याचा विचार करावाच लागतो. कारण वळवाचे बरेचसे पाणी उतारावरून माती घेऊन वाहून जाते आणि झडीचे पाणी मुरते. बेरीज सारखी असली, तरी ओल सारखी नसते.

माझी स्वतःची एक चूक येथे सांगणे मला भाग आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एकदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सलग दोन सायंकाळी जोराचा पाऊस झाला. एका शेतकऱ्याने बांधावर विचारले, "पाऊस झाला ना साहेब?" मी म्हणालो, "चांगला झाला." मला म्हणायचे होते की, सुरुवात चांगली झाली. त्यांनी त्याचा अर्थ पेरणीजोगा झाला असा घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिफण जुंपली. माप पाहिले असते, तर दोन्ही दिवसांचा पाऊस मिळून 40 मिलिमीटरसुद्धा नव्हता. पुढे पावसाने दोन आठवडे ओढ दिली. सोयाबीनच्या बियाण्याची एकरी तीस किलोची पिशवी, असे चार एकर. उगवण झाली ती करपली. दुबार पेरणीसाठी त्यांनी बियाणे उधारीवर आणले. त्यांनी मला शब्दानेही दुखविले नाही. त्या वर्षापासून "चांगला पाऊस" हे दोन शब्द मी वर्ज्य केले आहेत.

साधारणतः 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज खरिपाची पेरणी करू नये, असे खाते सांगते. हा आकडा खरा आहे, पण तो अपुराही आहे. त्याची पूर्ती करणारा शब्द गावापाशी शतकानुशतके तयार आहे, तो म्हणजे "वाफसा". पाऊस थांबल्यावर जमिनीतील जास्तीचे पाणी निचरून जाते, मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाण्याबरोबर हवाही शिरते, आणि मग औत चालविता येईल अशी जी स्थिती येते तिला वाफसा म्हणतात. मूठभर माती दाबून केलेला गोळा खाली टाकला असता फुटला, तर वाफसा आला. चिकटून राहिला, तर औत आवरावे. भारी काळ्या जमिनीत यास दोन-चार दिवस लागतात, हलक्या माळरानावर दुसऱ्याच दिवशी पेरता येते. पर्जन्यमापक आकाशातून काय आले ते सांगतो; जमिनीने काय घेतले ते वाफसा या एका शब्दात आहे. कोरड्या मातीत बी टाकून पावसाची वाट पाहण्याला "धूळवाफेची पेरणी" म्हणतात. त्या शब्दातही किती जोखीम भरलेली आहे, ते ऐकताच कळते.

असे नेमके शब्द पुष्कळ आहेत. पाऊस थांबला तर "उघडीप", आणि हवा असताना थांबला तर "ओढ" किंवा "दडी". आकाशाची स्थिती दोन्ही वेळा तीच असते, परंतु शब्द पिकाच्या गरजेवरून ठरतो. कोळपणीला उघडीप हवी असते. फुलोऱ्यात तिचीच ओढ होते. कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला "आगोट" म्हणतात. आमच्या तरुण सहकाऱ्यांपैकी काहींना हे सारे ग्रामीण आणि म्हणून अशास्त्रीय वाटते. मला ते पटत नाही.

मात्र शब्द जुना आहे म्हणून तो शेवटचा, असेही नव्हे. शब्द प्रवास करतात, आणि प्रवासात त्यांचे अर्थही बदलतात. "पाऊस" हा संस्कृतातील "प्रावृष्" पासून प्राकृतातून आला. मुळात तो वर्षाऋतूचे नाव होता, आज आपण पडणाऱ्या पाण्याला तो लावतो. "हवामान" यातील हवा अरबी-फारसीकडून आली आणि मान संस्कृत आहे. "खरीप" व "रब्बी" हे अरबी शब्द. मुळात त्यांचे अर्थ शरद आणि वसंत. खरिपाची कापणी शरदात होते, रब्बीची वसंताच्या सुमारास. म्हणजे ही नावे पेरणीवरून नव्हे, तर काढणीवरून पडली. आज ती परकी आहेत असे कोण म्हणेल? सर्वांत मौज हस्ताची. या नक्षत्राच्या नावाचा अर्थ हात असा आहे, पण गावाने त्यात हत्ती ऐकला. हस्ताच्या पावसाला हत्तीचा पाऊस म्हणू लागले आणि हादग्यात मुली पाटावर हत्तीचेच चित्र मांडून फेर धरतात. व्याकरणदृष्ट्या ही चूक असेल. परंतु सप्टेंबरअखेरच्या त्या गडगडाटी पावसाला हत्तीहून योग्य उपमा मलाही सुचत नाही.

नक्षत्रांविषयी दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला, इतकेच. ढग आले असा त्याचा अर्थ नाही. ही तारीख हल्ली 7-8 जूनला येते आणि सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस या वेगाने ऋतूंच्या मानाने पुढे सरकत असते. शिवाय विदर्भाच्या पूर्व भागात मोसमी पाऊस सामान्यतः जूनच्या मध्याला पोहोचतो, मृग मात्र सर्वत्र एकाच दिवशी निघतो. 2025 साली मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत दाखल झाला, म्हणजे रोहिणी लागते न लागते तोच. पुढे जूनच्या मध्यापर्यंत त्याची वाटचाल खोळंबली. "मोसमी पाऊस आला" हे वाक्य त्या वर्षी खरे होते. त्यावरून घाईने पेरणे मात्र धोक्याचे होते. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा हे शब्द पावसाचा स्वभाव सांगण्यासाठी जरूर राखावेत. तिफण त्यांच्या तारखेवर धरू नये.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे की, अंदाज वाचून दाखविणे म्हणजे तो सांगणे नव्हे. "तुरळक ठिकाणी मुसळधार" याचे मराठीतून मराठीत भाषांतर करावे लागते: "चार गावांपैकी एखाद्याच गावी पडेल, पण जेथे पडेल तेथे ओढे वाहतील, ते गाव आपले असू शकते." एवढे म्हणावयास अर्धा मिनिट पुरतो. पुढची पायरी गावाने स्वतः मोजण्याची. महसूल मंडळाचे स्वयंचलित केंद्र कित्येकदा गावापासून चार-पाच कोसांवर असते, आणि वळीव तर शिवेचाही मान राखत नाही. सरळ उभ्या कडांचा, सपाट तळाचा डबा झाडे-भिंतींपासून दूर, उघड्यावर ठेवावा आणि सकाळी साडेआठला आतील पाणी पट्टीने मोजावे. जितके मिलिमीटर खोली, तितका पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी, हे सांगितले की त्या पट्टीवरच्या बारीक रेघांविषयी आपोआप आदर वाटू लागतो.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावी चावडीच्या फळ्यावर आता तीन रकाने आखले आहेत: मिलिमीटर, गावाने त्या पावसाला दिलेले नाव, आणि वाफसा आला की नाही. तुरळकाविषयी प्रश्न विचारणारे ते वृद्ध गृहस्थ दुसरा रकाना स्वतः सांगून लिहून घेतात. गेल्या पावसाळ्यातील एका नोंदीपुढे पहिल्या रकान्यात 2 आहे, आणि दुसऱ्यात त्यांनी "पाहुणा, बाहेरूनच गेला" असे लिहवून घेतले आहे.