पेरूची दुसरी मोजणी



पेरू म्हटले की आपल्याला आधी तिखट-मीठ लावलेली फोड आठवते, देश नंतर. न्यू जर्सीत राहून मात्र तो देश विसरता येत नाही. इथल्या पॅटरसन शहरात पेरूहून आलेल्यांची एवढी मोठी वस्ती आहे की एका भागाला लोक ‘लिटल लिमा’च म्हणतात. माझ्या ऑफिसातली एक सहकारी तिथली. २०२० च्या जूनमध्ये ती सकाळच्या कॉन्फरन्स कॉलवर रोज उशिरा यायची. लिमात तिचा भाऊ वडिलांसाठी ऑक्सिजनचा सिलिंडर भरून घ्यायला पहाटेपासून रांगेत उभा असायचा आणि ही इथून पैसे पाठवायची. भाव रोज बदलत. जुलैत वडील गेले. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली होती, त्यामुळे कोविडच्या सरकारी आकड्यात ते धरले गेले नाहीत.

या देशाची गोष्ट मला तेव्हापासून छळते आहे, कारण पुस्तकात सांगितलेले बरेचसे पेरूने केले होते. पहिला मृत्यू नोंदला जाण्याआधीच, १६ मार्च २०२० पासून, राष्ट्राध्यक्ष मार्टिन विस्कारा यांनी देश बंद केला. म्हणजे भारताच्या आठवडाभर आधी. कर्ज कमी, तिजोरी भरलेली. आधीची वीस वर्षे पेरूच्या आर्थिक ‘चमत्काराचे’ गोडवे गायले जात होते. तरीही लोकसंख्येच्या प्रमाणात जगात सर्वाधिक नोंदलेले मृत्यू शेवटी याच सव्वातीन-साडेतीन कोटींच्या देशाच्या नावावर लागले.

याचे एक आळशी उत्तर मी आपल्याच मंडळींच्या जेवणाच्या टेबलावर ऐकले आहे: “लोक बेशिस्त, आपल्याकडच्यासारखेच.” हे वाक्य म्हणणारे आपण सगळे तेव्हा घरून काम करत होतो आणि किराणा दारात येत होता, हे सोडून देऊ. पेरूचे काय होते ते पाहा. दहातले सात कामगार असंघटित, त्या दिवशी कमावले तर त्या दिवशी जेवणार. २०१७ च्या जनगणनेत जेमतेम निम्म्या घरांत फ्रिज होता. फ्रिज नाही म्हणजे आठवड्याची भाजी एकदम भरता येत नाही, बाजारात रोज जावे लागते. आणि बाजार म्हणजे लिमातल्या त्या पत्र्याच्या छपराखालच्या, खांद्याला खांदा लागणाऱ्या मंडया. एप्रिल-मेमध्ये तिथल्या विक्रेत्यांच्या तपासण्या झाल्या तेव्हा काही मंडयांत निम्म्याहून अधिक बाधित निघाले. सरकारने गरीब कुटुंबांना ३८० सोलची मदत जाहीर केली. चांगलीच गोष्ट. पण निम्म्याहून जास्त प्रौढांचे बँकेत खातेच नव्हते. म्हणून लोक बँकांपुढे रांगा लावून उभे राहिले, आणि त्या रांगांतूनही रोग वाटला गेला. मध्येच एक हुकूम निघाला की सोमवार, बुधवार, शुक्रवार पुरुषांनी बाहेर पडावे आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार बायकांनी. घरची खरेदी कोण करते हे हुकूम काढणाऱ्यांना ठाऊक नसावे. बायकांच्या दिवशी मंडया तुडुंब भरल्या, आणि आठवड्याभरात हुकूम मागे घ्यावा लागला.

यात बेशिस्त कुठली? माणसे घरात बसू शकतील अशी सोय नसताना त्यांना घरात बसवले, एवढेच. लॉकडाऊन निरर्थक होता असे मी म्हणत नाही. तोही सोपा निष्कर्ष होईल. त्याने थोडा अवधी मिळाला. त्या अवधीत दवाखाने उभे राहायला हवे होते, ते एका उन्हाळ्यात उभे राहत नाहीत. वीस वर्षांच्या भरभराटीत ते कोणाला आठवले नव्हते.

ऑक्सिजनचेच उदाहरण घ्या. वैद्यकीय ऑक्सिजन किमान ९९ टक्के शुद्ध असलाच पाहिजे, असा नियम पेरूने २०१० मध्ये केला होता. वास्तविक ९३ टक्क्यांचा ऑक्सिजन रुग्णाला चालतो, आणि छोटे पीएसए प्लांट (२०२१ मध्ये आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत बसवले तेच) साधारण तेवढाच शुद्ध देतात. ९९ चा हट्ट धरल्यामुळे बाजार मोजक्या मोठ्या पुरवठादारांच्या हातात राहिला. जून २०२० मध्ये, लोक रस्त्यावर सिलिंडर घेऊन धावत असताना, सरकारने ९३ टक्क्यांना परवानगी दिली. दहा वर्षे एक कागद बदलायचा राहिला होता.

इकितोसची अवस्था याहून बिकट. अॅमेझॉनच्या जंगलातले हे लाखो वस्तीचे शहर. तिथे रस्त्याने जाताच येत नाही, एक तर विमान किंवा नदीतली बोट. मे २०२० मध्ये तिथे ऑक्सिजन संपला. तेव्हा एका धर्मगुरूने, जो स्वतः डॉक्टरही होता, प्लांटसाठी लोकांपुढे हात पसरले आणि काही दिवसांत पैसे जमले. मी देवधर्मवाला माणूस नाही, पण हे लिहिताना हात आखडता घेणार नाही. जुलैपर्यंत त्या शहरातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. साथ तोवर त्या शहरातून आरपार गेली होती.

लिमातून अँडीजच्या गावांकडे पायी निघालेल्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील तर मुंबई-नाशिक महामार्गाची आठवण झाल्याशिवाय राहिली नसेल. तीच गाठोडी, तीच कडेवरची पोरे. २०२० या एका वर्षात तिथली गरिबी २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेली.

राजकारणाबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२० मध्ये, साथ चालू असताना, संसदेने विस्कारांना हटवले. त्या एका महिन्यात तीन राष्ट्राध्यक्ष झाले आणि निदर्शनांत दोन तरुण मेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उघड झाले की चाचणीसाठी आलेल्या चिनी लशीचे जादा डोस ४८७ जणांनी गुपचूप टोचून घेतले होते. त्यात विस्कारा होते, आरोग्यमंत्री होत्या, परराष्ट्रमंत्रीही होत्या. दोघी मंत्र्यांना जावे लागले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. ३१ मे २०२१ रोजी पेरूच्या सरकारने जाहीर केले की कोविडचे मृत्यू ६९,३४२ नसून १,८०,७६४ आहेत. तज्ज्ञांच्या गटाने केवळ टेस्टचा निकाल न पाहता छातीचे फोटो, लक्षणे, रुग्णाशी आलेला संपर्क, मृत्यूच्या दाखल्यावरची नोंद असे सात निकष लावून पुन्हा मोजणी केली होती. अध्यक्षीय निवडणुकीची अंतिम फेरी सहा दिवसांवर होती. ते सरकार काळजीवाहू होते, त्याला पुढे मते मागायची नव्हती, हे मान्य. पण मृत्यूच्या नोंदी आधीपासून संगणकावर खुल्या होत्या, आणि पत्रकार व संख्याशास्त्राचे जाणकार वर्षभर त्यावरून जादा मृत्यू मोजून दाखवत होते, हेही तितकेच खरे. एका रात्रीत तो देश जगातला सर्वांत वाईट ठरला. आपल्याकडच्या एका वाहिनीवर तेव्हा त्याची कीव केलेली मी स्वतः पाहिली.

नव्या मोजणीची फाइल आरोग्य खात्याने खुली ठेवली. नावे नाहीत, तारीख, वय, लिंग, राहता जिल्हा, आणि कोणत्या निकषावर मृत्यू मोजला ते. माझ्या सहकारीने एका शनिवारी ती उघडली आणि गाळत गाळत एका ओळीपाशी आली. तारीख तीच, वय तेच, जिल्हा तोच. “हे आमचे बाबा,” ती मला सोमवारी म्हणाली. आकड्यात बाप सापडल्याचा कोणाला दिलासा वाटू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हते.

माझी मावशी एप्रिल २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली. सिटी स्कॅनचा स्कोअर अठरा, आरटीपीसीआर निगेटिव्ह, दाखल्यावर ‘श्वसनक्रिया बंद पडून’. पन्नास हजारांच्या मदतीला तसाही अर्ज करता येत होता, हे मावसभावाला कळेपर्यंत मुदत उलटून गेली. मे २०२५ मध्ये भारताची २०२१ ची जन्म-मृत्यू नोंद प्रसिद्ध झाली. त्या वर्षी सुमारे १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले, आदल्या वर्षापेक्षा २१ लाख जास्त. त्या वर्षाचे कोविडचे अधिकृत मृत्यू साडेतीन लाखांच्या आतच. हे सगळे २१ लाख कोविडचे नसतील; नोंदणीही सुधारली आहे. किती होते ते सांगण्याची जबाबदारी मात्र सरकारची आहे, आणि चार वर्षांनी दिलेल्या एकगठ्ठा आकड्यातून ते कळत नाही.

२०२१ मध्ये आपण सर्वांनी काँसन्ट्रेटर पाठवायला पैसे काढले, तेव्हा कोणी मागेपुढे पाहिले नाही. आता मागायचे आहे ते कमी खर्चाचे: महाराष्ट्र शासनाने २०१८ पासूनच्या मृत्युनोंदी जिल्हानिहाय, महिनानिहाय, वय आणि लिंगासह खुल्या कराव्यात. निवेदनाचा मसुदा मी केला आहे. ज्यांच्या घरचे कोणी त्या दोन वर्षांत ‘न्यूमोनियाने’, ‘हृदयक्रिया बंद पडून’ गेले असेल, त्यांनी सही करण्याआधी दाखल्यावर काय लिहिले आहे तेवढे मला उलट टपाली कळवावे. ते मसुद्याला जोडायचे आहे, अर्थात नावे वगळून.