तेलाचा डबा बघता, ढेप कोण बघणार?



तेलाचा भाव वाढला की आपण ठरलेली तीन कामं करतो. सेल्समनला फोन लावतो, चार डबे जास्त मागवतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, "ताई, वरूनच वाढलं." व्हिडिओत वेळ कमी पडला म्हणून माझं मत इथे सविस्तर लिहितो. वाशिम जिल्ह्यात तुम्ही किराणा विका, कापड विका नाहीतर मोबाईल, तुमचा सीझन तेलाच्या भावावर जेवढा ठरतो त्याहून जास्त सोयाबीनच्या ढेपीवर ठरतो. आणि ढेपीकडे आपण बघतच नाही.

सुरुवात जमिनीपासून करू. काटेपूर्णा, अडाण, अरुणावती या नद्या आपल्याच डोंगरांतून निघतात, पण त्यांचं पाणी पुढे वाहून जातं. बहुतेक शेती पावसावरची. काळी जमीन, चार महिन्यांचा पाऊस आणि शंभरेक दिवसांत निघणारं पीक, म्हणून रिसोडपासून कारंज्यापर्यंत खरिपात सोयाबीनच सोयाबीन. मग गिऱ्हाइकाच्या हातात पैसा कधी येतो? बहुतेकांच्या हातात वर्षातून एकदाच, दसरा-दिवाळीच्या आसपास. आपली वर्षभराची उधारीही तेव्हाच वसूल होते.

आता तेल बघा. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त आपण बाहेरून आणतो. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोया तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. पामच्या झाडाला बारमाही पाऊस लागतो, आणि एका हेक्टरमधून ते सोयाबीनच्या कितीतरी पट तेल देतं. ती जमीन, तो पाऊस त्यांच्याकडे आहे, म्हणून भावही बराचसा तिकडेच ठरतो. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पामची निर्यात बंद केली, २३ मे ला परत सुरू केली. तेवढ्या दिवसांत आपल्याकडे काय पळापळ झाली ते आठवा. आता तर ते लोक पाम तेल डिझेलमध्येही मिसळतात. २०२५ मध्ये ४० टक्के. गाडीत गेलेलं तेल कढईत कसं येणार?

मग तेल महागलं की आपल्या शेतकऱ्याचं सोयाबीनही महागायला पाहिजे ना? इथेच हिशोब चुकतो. १०० किलो सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ किलो. उरलेली जवळपास ८० किलो ढेप. ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशात जाते. म्हणजे सोयाबीन तेलबिया म्हणून विकलं जातं, पण किमतीतला मोठा वाटा ढेपीचा असतो. आणि ढेपीचा बाजार वेगळा आहे.

दोन वर्षं घ्या. २०२१ च्या उन्हाळा-पावसाळ्यात सोयाबीन चढत चढत क्विंटलला १० हजारांच्या आसपास गेलं. पोल्ट्रीवाले ओरडले. ऑगस्टमध्ये सरकारने जीएम सोयाबीनची १२ लाख टन ढेप आयात करायला परवानगी दिली. त्यात नवा माल बाजारात आला आणि दिवाळीच्या आधी भाव जवळपास निम्म्यावर आला.

२०२४ मध्ये उलटं झालं. सप्टेंबरमध्ये कच्च्या तेलावरची आयात ड्युटी साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के झाली. डबा लगेच महागला. सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये, पण बाजार समितीत बराच माल चार-सव्वाचार हजारांच्या आसपास गेला. कारण जगात ढेप स्वस्त होती, आणि मका-तांदळापासून इथेनॉल करताना उरणारा स्वस्त चोथा ढेपीच्या जागी कोंबड्यांना जायला लागला होता. गिऱ्हाइकाला दोन्हीकडून मार. तेल महाग, माल स्वस्त.

आता वहीवर मांडा. पाच एकरवाला शेतकरी, एकरी सहा क्विंटल धरले तर ३० क्विंटल. भाव क्विंटलमागे हजार रुपयांनी पडला तर घरात ३० हजार कमी आले. त्याच घराला महिन्याला चार लिटर तेल लागतं. ते लिटरमागे २० रुपयांनी महागलं तर वर्षाला ९६० रुपये. मग गिऱ्हाईक दिवाळीला साडी कशामुळे घेत नाही, तुम्हीच सांगा.

कोणी म्हणेल, मजुराचं काय? त्याच्याकडे विकायला सोयाबीन नाही, त्याला तेलाचे २० रुपये लागतातच. बरोबर आहे. पण शेतकऱ्याकडे पैसा नसला की सोंगणीनंतरची मजुरीही अडते, आणि उधारी दोघांचीही आपल्याच वहीत राहते. म्हणून मला वाटतं, आपल्या व्यापारी संघटनांनी निवेदनात फक्त "तेल स्वस्त करा" लिहू नये. हमीभावाची खरेदी केंद्रं सोंगणीबरोबर सुरू करा, हेही लिहावं. ही मागणी शेतकऱ्याची आहे तेवढीच आपलीही आहे.

दुकानात काय करायचं?

एक, सप्टेंबरपासून रोज बाजार समितीचा सोयाबीन भाव लिहून ठेवा, शेजारी हमीभाव. २०२५-२६ साठी तो ५,३२८ होता. अंतर मोठं असेल तर दिवाळीचा माल दोन टप्प्यांत भरा.

दोन, "सोयाबीन विकलं की देतो" या बोलीवरची उधारी गेल्या वर्षीच्या भावाने देऊ नका. आजच्या भावाने मर्यादा ठरवा, आणि गोड बोलून आधीच सांगा.

तीन, तेलाचा साठा करून कमाईचं स्वप्न सोडा. सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवलेली ड्युटी मे २०२५ च्या शेवटी पुन्हा खाली आली, साडेसत्तावीसवरून साडेसोळा. तो निर्णय आपल्याला विचारून होत नाही. गोदाम भरून बसलेल्याचा पैसा अडकतो, आणि सीझनला लागणारा माल घ्यायला हात रिकामा राहतो.

आज दुकान बंद करताना गेल्या तीन वर्षांची नोव्हेंबरची विक्री काढा आणि तिच्यापुढे त्या महिन्यातला सोयाबीनचा भाव लिहा. आकडे समोर ठेवूनच यंदाची ऑर्डर द्या. तुमच्या गावात काय दिसलं ते कमेंटमध्ये नक्की लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.