एचपीव्ही आणि बुधवार पेठेचा शिक्का

गर्भाशयमुखाचा कर्करोग 'तसल्या' बायकांना होतो, हा समज शिकल्यासवरल्या घरांतही घट्ट आहे, आणि पुण्यात त्या 'तसल्या'ला बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीचा पत्ता चिकटलेला आहे. हा कर्करोग ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्याचा स्वभाव पाहिला तर हा समज टिकत नाही. एचपीव्ही इतका सर्रास आहे की लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो कधी ना कधी गाठतो. जन्मभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही. बहुतेकींचं शरीर त्याला दोनेक वर्षांत हुसकावून लावतं. थोड्याजणींच्या पेशींत तो मुक्काम ठोकतो आणि कर्करोग व्हायला पुढे पंधरा-वीस वर्षं जातात. इतक्या जुन्या संसर्गावरून चारित्र्याचा निवाडा करणं अन्यायाचं आहेच. त्याहून घातक हे, की त्या निवाड्याच्या धाकाने बायका तपासणीलाच जात नाहीत. आणि तपासणीने जीव वाचतात, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा वेगवेगळ्या गटांत अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, नेहमीच्या सेवेवर राहिलेल्या गटात ६४. या दोन्ही गटांत बायका प्रत्येकी तीस-पस्तीस हजार. खेड्यापाड्यांतल्या बायका होत्या त्या, कुठल्या बदनाम गल्लीतल्या नव्हेत.

एचपीव्हीच्या लसीने मुली बिघडतील, हा आक्षेप वयाचं कारणच विसरतो. नऊ ते चौदा हे वय धरलं ते संसर्गाची वेळ येण्याआधी संरक्षण हवं म्हणून. २०१० साली आंध्र प्रदेश आणि गुजरातमधला लसप्रकल्प थांबला, त्याची आठवण मात्र झटकून टाकू नये. तिथे काही मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांनी सह्या केल्या. त्यावरचा संताप रास्तच होता. पण त्या प्रकल्पातल्या काही मुलींचे मृत्यू झाले, त्यांना लस कारणीभूत असल्याचं चौकशीत आढळलं नाही. चुकली ती संमती. आता पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक उपलब्ध असताना आईबापांना नीट समजावून लस देणं अवघड नाही.

मग बुधवार पेठेचा वेगळा विचार नकोच का? हवा, पण शिक्क्यासाठी नव्हे. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला या कर्करोगाचा धोका सहापट असतो, आणि निरोध एचपीव्हीला पुरता अडवत नाही. म्हणून जिथे एचआयव्हीची तपासणी होते, तिथेच वयाच्या पंचविशीपासून गर्भाशयमुखाचीही तपासणी व्हावी. धंदा सोडून दहा वर्षं झालेल्या बाईलाही तिथे बोलवायला हवं. तिच्या पेशींतला विषाणू कदाचित अजून तिथेच असेल.