एका दगडात दोन पक्षी



परवा वहिनींशी फोनवर बोलत होते. "रविवारी महाराजांचं दर्शन होईल, आणि तिथेच भाच्यासाठी स्थळही बघता येईल. एका दगडात दोन पक्षी!" शेजारी पाचवीतली लेक इंग्रजीचे वाक्प्रचार पाठ करत होती. नेमकं 'किल टू बर्ड्स विथ वन स्टोन' तिच्यापुढे होतं. म्हणाली, "आई, पाठशाळेत तर मुंगीसुद्धा मारायची नाही असं शिकवतात. मग दर्शनाला जाताना पक्षी का मारायचे?"

मी हसले, पण उत्तर सुचलं नाही.

अर्थ सोपा आहे: एकाच खटपटीत दोन कामं साधणं. दळण टाकायला गेलं आणि त्याच वाटेवर भाजीही घेतली, तर तो शोभतो. भाजीसाठी वेगळी फेरी मारावी लागली, तर नाही. इंग्रजीत तो सतराव्या शतकापासून आहे. जर्मन लोक एका फटक्यात दोन माश्या मारतात, इटालियन लोक एका दाण्यावर दोन कबुतरं पकडतात. २०१८ मध्ये 'पेटा' या संस्थेने सुचवलं की, दगड मारण्याऐवजी एका स्कोनने, म्हणजे केकसारख्या छोट्या पावाने, दोन पक्ष्यांना खाऊ घाला असं म्हणावं. तेव्हा पुष्कळ लोकांनी त्यांची थट्टा केली.

कुणी म्हणेल, बोलणाऱ्याच्या मनात पक्षी नसतोच, मग दोष कसला? खरं आहे. मारण्याचा संकल्प नाही, तिथे संकल्पी हिंसा नाही. कुणी असं बोललं म्हणून त्याला टोकणं मला पटत नाही.

पण आपल्याकडे यशोधर राजाची कथा आहे. आईच्या आग्रहाखातर त्याने खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी मायलेकांना कितीतरी जन्म पशुयोनीत फिरावं लागलं. कारण पिठाचा असला तरी भाव मारण्याचाच होता. यशोधराच्या मनात तो भाव होता, माझ्या मनात नव्हता, हा फरक मला मान्य आहे. पण मुलं आधी शब्दातलं चित्र बघतात, अर्थ त्यांना मागाहून कळतो. माझ्या लेकीला मेलेले पक्षी दिसले, आणि आई ते आनंदाने सांगत होती.

आपण पाणी गाळून पितो, भाजी निवडताना अळी दिसली तर हळूच बाजूला ठेवतो. मग बोलणं का निवडू नये? मुनींना भाषा समिती सांगितली आहे. आपण गृहिणींनी तिचा थोडा अंश तरी पाळावा. त्यासाठी नवा शब्द घडवायचीही गरज नाही. 'एक पंथ दो काज' आपल्या तोंडी आहेच. त्यात वाट आहे, काम आहे, आणि कुणाचा जीव जात नाही.

लेकीला मी सांगितलं, "परीक्षेत पुस्तकात आहे तसंच लिही. ती त्यांची भाषा आहे, ती नीट यायला हवी. घरात मात्र आपण दुसरं म्हणू."

रविवारी दर्शन झालं, स्थळही बघून झालं. परत येताना लेकच म्हणाली, "आई, एक पंथ दो काज!"