मांस हवेच, पण कच्चे कशाला?

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि निदान आले एच५एन१चे, म्हणजे बर्ड फ्लूचे. पिंजऱ्यात राहणाऱ्या, माणूस देईल तेवढेच खाणाऱ्या जनावरांपर्यंत पक्ष्यांचा रोग पोहोचला कसा, हा प्रश्न निघाल्यावर संशयाची सुई त्यांना घातल्या जाणाऱ्या कोंबडीकडे वळणे साहजिकच होते. पुढच्या काही आठवड्यांत, नागपूरहून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवरच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये हाच विषाणू सापडला आणि तिथली चिकनची दुकाने बंद करावी लागली. वाघांची बातमी गाजली, मांजरांची लवकरच विरली. वास्तविक आपल्या घरांशी जवळचा संबंध दुसऱ्या बातमीचा होता. मुंबई-पुण्यातल्या मांजरप्रेमी मंडळींत कच्चे मांस खाऊ घालण्याचा आग्रह अलीकडे बराच वाढला आहे. गोठवलेल्या कच्च्या खाद्याची पाकिटे घरपोच येतात आणि ज्यांना ती परवडत नाहीत ते कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडून कलेजी-पोटा आणतात. या आग्रहात तथ्य नाही असे अजिबात नाही. पण नीट पाहिले तर कच्च्या मांसाच्या खात्यावर जमा होणारे जवळजवळ सगळे गुण मांसाचे आहेत, कच्चेपणाचे नाहीत. धोके मात्र बहुतेक कच्चेपणाचेच आहेत.

या मंडळींचे बरोबर काय आहे ते आधी मान्य करू. कुत्रा भाकरतुकड्यावर निभावून नेतो, मांजर नेऊ शकत नाही. टॉरिन हे द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, ते मांसातूनच यावे लागते. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा निकामी होतो, हे १९७५ मध्ये समजले. हृदयाचे स्नायू सैल पडून मांजरे मरतात त्यामागेही तेच कारण असते, हे कॅलिफोर्नियातले पशुवैद्य पॉल पियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, आणि कंपन्यांना खाद्यातले टॉरिन वाढवावे लागले. गाजरातून आपल्याला ‘अ’ जीवनसत्त्व मिळते, मांजराला मिळत नाही. ते तयार स्वरूपात, प्राण्याच्या शरीरातूनच यावे लागते. मग आपल्याकडच्या दूधपोळीचे काय? वाड्यातले, वाडीतले मांजर दूधपोळीवर जगते असे आपण समजत आलो. ते जगत होते उंदीर, पाली आणि चिमण्यांवर. दूधपोळी हा वरचा खाऊ होता. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जाळी लावलेल्या बाल्कनीत बसलेल्या मांजराला तीच दूधपोळी पूर्ण जेवण म्हणून देणे म्हणजे त्याची उपासमार करणे आहे; शिवाय मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचतही नाही. पाण्याचेही तसेच. उंदराच्या शरीरात दोन तृतीयांशाच्या आसपास पाणी असते, कोरड्या दाण्यांत दहा टक्क्यांच्या आतबाहेर. मांजराला तहान मुळात कमी लागते, त्यामुळे दाण्यांतली तूट ते वाटीतल्या पाण्याने पूर्ण भरून काढत नाही. बोक्यांची लघवी अडण्याचे प्रकार ज्यांनी दवाखान्यात पाहिले आहेत त्यांना ओल्या अन्नाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तेव्हा दूधपोळीवाल्यांपेक्षा कच्चे मांसवाले मांजराला अधिक ओळखतात, हे कबूल करावेच लागेल.

पण यातले काहीही कच्चेपणावर अवलंबून नाही. कच्च्या आहाराचे समर्थक अजूनही ज्या प्रयोगाचा हवाला देतात तो १९३०च्या दशकातला आहे. कॅलिफोर्नियातले डॉक्टर फ्रान्सिस पॉटेंजर यांनी दहा वर्षे शेकडो मांजरे पाळली. कच्चे मांस खाणारी धडधाकट राहिली, तर शिजवलेले खाणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्या रोगट निघाल्या. निष्कर्ष सरळ वाटतो. मात्र मांजराला टॉरिन लागते हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हते. टॉरिन पाण्यात विरघळते. मांस शिजवून पाणी ओतून दिले की त्यातला बराच भाग मोरीत जातो. पॉटेंजर यांच्या मांजरांच्या हालांचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण हेच आहे, आणि तसे असेल तर त्यावर उपाय शिजवणे थांबवण्याचा नसून ते पाणी न टाकण्याचा आणि टॉरिन वरून घालण्याचा आहे. पचनाचा दावाही असाच. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी मांजरांना कच्चे गोमांस, तेच शिजवलेले आणि कारखान्यातले कोरडे दाणे असे तीन आहार देऊन पचन मोजले. दोन्ही मांसाहार दाण्यांपेक्षा चांगले पचले, पण कच्चे आणि शिजवलेले यांत फरक जवळजवळ नव्हता. केस चमकतात, शी कमी होते, मांजर तरतरीत दिसते, ही निरीक्षणे खोटी नसतील. दाणे बंद करून मांस सुरू केल्याचा तो परिणाम आहे; तेच मांस पाच मिनिटे उकळून दिले असते तरी तो दिसला असता.

आता धोक्याकडे येऊ, आणि तो परदेशी अहवालांत शोधण्याआधी आपल्या चिकनच्या दुकानात पाहू. एकाच लाकडी ठोकळ्यावर सकाळपासून कोंबड्या तुटत असतात. ज्या सुऱ्याने आतडी बाहेर काढली त्याच सुऱ्याने कलेजी वेगळी होते, ठोकळ्यावरून एक ओले फडके फिरते, तुकडे काळ्या पिशवीत पडतात आणि पिशवी उन्हातून घरी येते. हे मांस आपण निर्धास्त खातो, ते पुढे कुकरच्या शिट्ट्या होणार आहेत म्हणून. दुकानदार, गिऱ्हाईक, पालिकेचा निरीक्षक, सगळे त्या शिट्ट्यांच्या भरवशावर आहेत. शेवटची आणि खरी स्वच्छता आपल्याकडे गॅसवर होते. कच्चे खाऊ घालणारा नेमकी तीच पायरी गाळतो. बरे, जिथे शीतसाखळी चोख आहे तिथे तरी काय दिसते? नेदरलँड्समध्ये युट्रेक्टच्या संशोधकांनी २०१८ मध्ये आठ कंपन्यांची गोठवलेल्या कच्च्या पाळीव खाद्याची ३५ उत्पादने तपासली. १९ मध्ये लिस्टेरियाची रोगकारक जात, ८ मध्ये ई. कोलायचा घातक प्रकार आणि ७ मध्ये साल्मोनेला निघाला. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने त्याआधी तपासलेल्या १९६ नमुन्यांपैकी १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया होता.

जिवाणूंचे हे जुने दुखणे होते. बर्ड फ्लूने ते अधिक गंभीर केले आहे, आणि मार्जारकुळाला त्याचा फटका विशेष जोरात बसतो. थायलंडमध्ये सीराचा इथल्या व्याघ्र उद्यानात २००४ मध्ये कच्च्या कोंबड्या खाल्लेल्या ४४१ वाघांपैकी १४७ मेले किंवा मारावे लागले. २०२३च्या उन्हाळ्यात पोलंडमध्ये घरोघरची मांजरे अचानक मरू लागली; तपासलेल्या ४७ नमुन्यांपैकी २९ मध्ये एच५एन१ होता. त्याच वर्षी सोलमधल्या निवाऱ्यांत मांजरे मेली आणि निर्जंतुकीकरणाची पायरी वगळून बनवलेल्या बदकाच्या खाद्यात विषाणूच्या खुणा सापडल्या. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये कधीही घराबाहेर न पडणारे एक मांजर मेले. त्याच्या शरीरातला विषाणू आणि त्याने खाल्लेल्या गोठवलेल्या टर्कीच्या पाकिटातला विषाणू जनुकीयदृष्ट्या एकच निघाला. पोलंडमध्ये उगमाची शंभर टक्के खात्री झाली नाही, हे खरे. ओरेगॉनमध्ये मात्र शंकेला फारशी जागा उरत नाही. आणि आपल्याकडे मांजराला कच्चे म्हणून जे दिले जाते ते बहुतेक वेळा कोंबडीच असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: रानमांजर काय चूल पेटवते? निसर्गात जे चालते ते घरात का चालू नये? आता, मांजर उंदीर मारते आणि तिथल्या तिथे, गरम असताना खाते. तो एक उंदीर असतो. शेकडो पक्ष्यांचे मांस एकत्र दळून, तीन दिवस प्रवास करून तो आलेला नसतो. एका आजारी पक्ष्याने अख्खा घाणा नासवण्याची सोय निसर्गात नाही, ती कारखान्यात आणि खाटकाच्या ठोकळ्यावर आहे. शिवाय निसर्गात चालते म्हणजे तिथे मरण येत नाही असे थोडेच. कोळीवाड्यातली, ससून डॉकवरची मांजरे कच्च्या मासळीवर गुटगुटीत दिसतात हे खरे, पण आपल्याला दिसतात ती जगलेली. न जगलेल्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही. मांजराच्या पोटातले आम्ल तीव्र आणि आतडे आखूड असते, त्यामुळे त्याला जिवाणू बाधत नाहीत, असेही सांगितले जाते. अर्धे खरे आहे. साल्मोनेला पोटात जाऊनही मांजर पुष्कळदा ठणठणीत राहते, पण ते जिवाणू विष्ठेतून बाहेर टाकत राहते आणि तेच पाय घेऊन सोफ्यावर, उशीवर, ओट्यावर चढते. आणि विषाणूपुढे या आम्लाचे काही चालत नाही, हे वरच्या वाघ-मांजरांनी दाखवलेच आहे.

गोठवण्याचा युक्तिवाद अधिक फसवा आहे. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या मांसातले काही परजीवी मरतात. टोक्सोप्लाझ्माच्या गाठी उणे १२ अंशांखाली काही दिवस राहिल्या तर नष्ट होतात. पण जिवाणू आणि विषाणू फक्त झोपी जातात. प्रयोगशाळांना ते वर्षानुवर्षे जपायचे असतात तेव्हा त्या ते गोठवूनच ठेवतात. पाकीट रात्री फ्रीजमध्ये वितळायला काढले, खालच्या कप्प्यात विरजण लावलेले आहे आणि पाकिटाला बारीक चीर आहे, एवढे पुरते. उच्च दाबाची प्रक्रिया केल्याचा दावा काही कंपन्या करतात. त्याने जिवाणू बरेच कमी होतात, पण ती प्रत्यक्षात झाली की नाही हे गिऱ्हाइकाने कशावरून ओळखायचे?

मग कोरडे दाणे तरी कुठे सुरक्षित आहेत, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. २००७ मध्ये मेलामाइनची भेसळ असलेल्या कारखानी खाद्याने अमेरिकेत मांजर-कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी केली. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये रक्तपेशी घटून तीनशेहून अधिक मांजरे मेली. एका कारखान्यातल्या कोरड्या खाद्याशी त्याचा संबंध जोडला गेला आणि त्या खाद्यात बुरशीची विषे सापडली. पिशवीवरचा विश्वास आंधळा नसावा, हे या घटना सांगतातच. पण कारखान्यातली चूक घडली की ती अपघात म्हणून नोंदली जाते, माल परत मागवला जातो. कच्च्या मांसातले जिवाणू हा अपघात नव्हे, तो मालाचा स्वभाव आहे. आणि पर्याय फक्त दाणे किंवा कच्चे असा नाहीच. त्या दोन टोकांमध्ये शिजवलेले मांस आहे आणि डबाबंद ओले खाद्य आहे. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू त्यांना सोयीस्करपणे विसरतात.

शिजवले म्हणजे सगळे साधले असेही नाही. निव्वळ मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. महिनोन्‌महिने तेवढ्यावर ठेवलेल्या पिल्लांची हाडे मऊ पडतात. रोज कलेजी दिली तर ‘अ’ जीवनसत्त्व साठून मणका आखडतो. तारलीच्या कुळातल्या काही माशांत ‘ब१’ नष्ट करणारे द्रव्य असते, ते फक्त उष्णतेने निष्क्रिय होते; म्हणजे इथे तर कच्चेपणाच नडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यकीय आहारतज्ज्ञांनी २०१९ मध्ये मांजरांसाठी पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर दिलेल्या ११४ पाककृती तपासल्या. ज्यांचा हिशेब मांडता आला त्यांतली एकही पोषणाच्या कसोटीला पूर्ण उतरली नाही. तेव्हा घरी करायचेच असेल तर हाड काढलेली कोंबडी आतपर्यंत शिजवावी, कांदा-लसूण-मीठ अजिबात घालू नये, शिजवलेले पाणी त्याच वाटीत द्यावे, आणि कॅल्शियम-टॉरिनचे प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. शिजवलेले हाड मात्र देऊ नये, ते फुटून टोकदार होते.

घरातल्या माणसांचा मुद्दा यात नेहमी शेवटी येतो, तो खरे तर आधी यायला हवा. सुनेला दिवस गेले की ‘आता मांजर सोडून या’ असा सल्ला आजही सर्रास दिला जातो, टोक्सोप्लाझ्माच्या भीतीने. मांजराला हा परजीवी मिळतो तो प्रामुख्याने शिकारीतून आणि कच्च्या मांसातून. घरात राहणाऱ्या, शिजवलेलेच खाणाऱ्या मांजराकडून त्याचा धोका अगदी कमी असतो, आणि एकदा लागण झाली तरी ते साधारण दोन-तीन आठवडेच अंडी बाहेर टाकते. ती अंडी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून शीची पेटी रोज दुसऱ्या कुणी साफ करावी. मांजर रस्त्यावर सोडण्याची गरजच नाही, कच्चे मांस थांबवायला हवे. लहान मुले, केमोथेरपी घेणारे रुग्ण, वृद्ध यांच्याही घरांना हेच लागू आहे.

राहिली शाकाहारी घरांची अडचण, आणि ती खरी आहे. ज्या ओट्यावर कधी अंडे फुटले नाही तिथे कोंबडी शिजवणार कोण? अशा घरांत कच्च्या खाद्याचे पाकीट सोयीचे वाटते, फोडले की झाले. पण कोंबडी शिजू नये म्हणून ती कच्ची आणायची आणि त्याच सिंकमध्ये वितळवायची, यात सोवळेही राहत नाही आणि स्वच्छताही. त्यांच्यासाठी डबाबंद किंवा पाऊचमधले ओले खाद्य अधिक बरे. ते बंद केल्यावर उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते. पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ लिहिले आहे की ‘पूरक’, एवढे मात्र खरेदी करताना वाचावे, कारण दुकानात टांगलेली बरीच छोटी पाकिटे नुसता खाऊ म्हणून विकली जातात.