ओल्या लाकडाला लाखाची करवत

"मिस्त्री, आता मशीन बदला."

मागच्या मे महिन्यात, जुळे सोलापुरातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, भर दुपारी गिऱ्हाइकाने मला हे सुनावलं. दारांच्या चौकटींभोवती मी लावलेल्या सागवानी पट्ट्यांचे कोपरे उघडले होते. साहेबांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं, मोबाइलवर एका सरकत्या करवतीचा व्हिडिओ दाखवला आणि निकाल दिला : तुमच्या मशीनला पंचेचाळीसचा कट जमत नाही. दहा मिनिटांत आरोपी ठरला, गुन्हा शाबीत झाला, शिक्षाही झाली. कोपरा मात्र कुणी नीट पाहिला नव्हता.

मी पाहिला. बाहेरच्या टोकाला दोन्ही पट्ट्या अशा चिकटलेल्या की नख शिरत नव्हतं. आतल्या टोकाला दोन एटीएम कार्डं एकावर एक ठेवून सरकली. ही खूण ज्याला वाचता येते त्याला पुढे काही विचारावं लागत नाही. कट बरोबर होता. लाकूड ओलं होतं.

लाकूड सुकताना लांबीत जवळपास आकसतच नाही, रुंदीत आकसतं. १०० मिलिमीटर रुंदीची पट्टी सुकून ९८ झाली की तिच्यावरचा ४५ अंशांचा कट आपोआप ४४.४ चा होतो. कोपऱ्यात अशा दोन पट्ट्या भेटतात, म्हणजे अंशाहून जास्त तूट. बाहेरची टोकं टेकलेली राहतात, आतून तोंड उघडतं. हे घडत असतं तेव्हा माझी करवत अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये बंद पडून असते. तिच्यावर कसला खटला भरता?

ते लाकूड ओलं का होतं, हेही सांगतो. ऑर्डर दिवाळीनंतर आली. मी म्हणालो, लाकूड दोन महिने पडू द्या. साहेबांना गड्ड्याच्या जत्रेच्या आत वास्तुशांत उरकायची होती. वखारीतून आलेला माल आठव्या दिवशी कापायला घेतला. पहिल्याच पट्टीला रंधा मारताना कारखान्यातला पोऱ्या म्हणाला होता, "मालक, वलं हाय की हे. रंध्याला चिकटायलंय." मी त्याला गप्प बसवलं आणि काम काढलं. ती चूक माझी, पुरती माझी. म्हणून ते सगळे कोपरे मी माझ्या खर्चाने पुन्हा करून दिले. पण ती चूक लाखाच्या काय, दहा लाखांच्या करवतीनेही टळली नसती, आणि हे ऐकायची तयारी त्या घरात कुणाचीच नव्हती.

तेव्हापासून जो भेटेल तो मला करवत विकतोय. कोटेशनही आलं : स्टँडसकट ९०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे लाखाच्या पलीकडे. मी बसून हिशेब केला. तीन वर्षांत फेडायचं म्हटलं, महिन्याचे पंचवीस दिवस काम धरलं, तर व्याज सोडून दिवसाला सव्वाशे रुपयांच्या आत पडतं. शेडमधल्या माणसांचा दोन वेळचा चहा-नाश्ता याहून महाग आहे. तेव्हा पैशाचं रडगाणं मी गाणार नाही. माझा राग एकाच गोष्टीवर आहे : एका रोगाचं औषध दुसऱ्या रोगावर विकलं जातंय, आणि विकत घेणारे शिकलेसवरलेले लोक आहेत.

ही सरकती करवत करते तरी काय? साध्या चॉप सॉचं डोकं फक्त वरखाली होतं. दहा इंची ब्लेडने साडेपाच-सहा इंच रुंदीची फळी एका दमात कापते. फळी त्याहून रुंद असेल तर उलटवून दुसऱ्यांदा कापावी लागते. सरकत्या करवतीचं डोकं दांड्यांवर पुढे-मागे जातं, म्हणून तेच ब्लेड बारा इंचांपर्यंत पोचतं. फरक एवढाच. रुंदी वाढते, कोन काही जास्त खरा होत नाही. उलट सरकण्याची सोय आली की खेळ आला. स्वस्तातल्या सरकत्या करवतीचं डोकं पूर्ण बाहेर ओढा आणि हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. हलतं. महागड्या करवतीत जास्तीचे पैसे जातात त्यातले बरेचसे हा खेळ मारण्यातच. म्हणजे सरकण्यातून आलेला दोष काढून टाकायचे पैसे भरायचे आणि त्यालाच अचूकता म्हणून मिरवायचं! अमेरिकेत रेमंड डीवॉल्टने १९२० च्या दशकात आडव्या दांड्यावर सरकणारी करवत बनवली, ती कशासाठी? तो लाकूडकामाच्या कारखान्यावर देखरेख करणारा माणूस होता, त्याला आहे त्याच माणसांत जास्त माल काढायचा होता. ही सगळी यंत्रं वेगासाठी जन्माला आली. ओल्या सागाचा बंदोबस्त त्यांच्याकडे मागणं हा शुद्ध अडाणीपणा आहे.

माझ्याकडे येणारं काम मी टेप लावून मोजलेलं आहे. चौकटीचं लाकूड चार बाय अडीच, फार तर पाच बाय अडीच. पट्ट्या अडीचपासून चार इंचांपर्यंत. प्लायची शीट आठ बाय चार फूट, ती कोनात कापणाऱ्या जगातल्या कुठल्याच मायटर सॉवर चढत नाही. मग बारा इंचांची पोच मी कुणासाठी विकत घेऊ?

"पण पाव अंशाची अचूकता," असं विकणारा म्हणतो. या, पाव अंशाकडेही बघू. दोन्ही कडा सरळ असलेली फळी घ्या आणि मधोमध नव्वदचा कट मारा. दोन तुकड्यांपैकी एक उलटा करून सरळ पट्टीला टेकवा आणि कापलेल्या कडा एकमेकींना भिडवा. कट खरा असेल तर फट नसते. खोटा असेल तर चूक दुप्पट होऊन समोर येते. माझ्या बारा वर्षं जुन्या करवतीवर एका टोकाला वहीचा कागद शिरत होता. मी मागच्या गाईडचे बोल्ट सैल केले, ब्लेडला गुण्या लावला, पुन्हा आवळले. वीस मिनिटं गेली. तिसऱ्या कटाला कागद शिरला नाही. पदरचा एक पैसा गेला नाही. मग चाळीस दातांचं ब्लेड काढून ऐंशीचं चढवलं आणि कापलेल्या कडेला पॉलिश पेपरची गरज उरली नाही.

ब्लेडवरून आठवलं. सरकत्या करवतीला दात फार पुढे झुकलेलं ब्लेड चालत नाही. ते लाकडावर चढतं आणि कापणाऱ्याच्या अंगावर येतं. तिला जवळपास सरळ किंवा मागे झुकलेल्या दातांचं ब्लेड लागतं. हे मला विकणाऱ्याने सांगायला हवं होतं, कारण यात माझ्या पोऱ्याची बोटं आहेत. तो अर्धा तास लेझरच्या रेघेबद्दल बोलला. त्या माणसाने आयुष्यात एक चौकट जोडलेली नव्हती.

आता भिंतीकडे या. माझ्याबरोबर एखाद्या नव्या इमारतीत चला आणि खोलीच्या कोपऱ्याला गुण्या लावा. नव्वद म्हणून गिलावा केलेला कोपरा अठ्ठ्याऐंशी निघतो. तिथे पंचेचाळीसचा निर्दोष कट बसवला तर फटच पडणार, तिथे चव्वेचाळीसचे दोन कट हवेत. बांधकामात दोन अंश गिळून ढेकर न देणारे लोक सुताराला पाव अंशाचा जाब विचारतात. आणि इंटिरिअर डिझायनर तीच भिंत सरळ धरून संगणकावर नकाशा काढतो आणि फट पडली की मिस्त्रीकडे बोट दाखवतो. हे बघून आधी हसू येतं, मग चीड.

खरं प्रकरण वखारीत आहे. सागवान आपल्याकडे काही कमी प्रतीचं नाही. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड गेलं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाहून. आजकाल वखारीत परदेशातला लागवडीचा सागही भरपूर येतो. पण देशी असो की परदेशी, वखारवाला छातीवर हात ठेवून सांगतो, "सुकंच आहे." मी मीटर टोचला, तर आकडा २२ आला. २२ टक्के पाणी! हे लाकूड सोलापूरच्या मे महिन्यात, पंख्याखाली, पश्चिमेच्या भिंतीवर लावायचं आणि ते जागचं हलू नये म्हणायचं? इथली हवा उन्हाळ्यात लाकडातलं पाणी शोषून घेते आणि जुलैत थोडं परत देते. लाकूड वर्षभर श्वास घेत असतं. आयएस २८७ नावाचं भारतीय मानक आहे. हवेतल्या दमटपणानुसार देशाचे चार विभाग पाडून कुठल्या कामाच्या लाकडात किती टक्के पाणी चालेल ते त्यात दिलेलं आहे. कोकणातल्या खिडकीला जे चालतं ते सोलापूरच्या खिडकीला चालत नाही, एवढी साधी बाब. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या, एकाही डिझायनरच्या तोंडून मी हे नाव ऐकलेलं नाही. करवतींचे मॉडेल नंबर मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

एक दुसरी टोळीही आहे, तिलाही सोडणार नाही. "पूर्वी कुठे होती यंत्रं? हाताच्या कारागिरीची सर कशाला नाही." असं म्हणणाऱ्या रसिकांनी मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली सागाची चाळीस टोकं हातकरवतीने कापावीत, मग हस्तकौशल्यावर व्याख्यान द्यावं. माझ्या वडिलांचा उजवा खांदा पन्नाशीत गेला. मला यंत्र हवंच आहे. आणि पूर्वीचे कोपरे टिकले ते हातकरवतीमुळे टिकले असं यांना वाटतं! पूर्वी लाकूड वर्ष-वर्ष अंगणात पडून असायचं. यांनी करवत लक्षात ठेवली आणि लाकूड विसरले. व्हिडिओवाल्या साहेबांची आणि या रसिकांची चूक एकच आहे, फक्त एकाचं तोंड पूर्वेला आणि दुसऱ्याचं पश्चिमेला.

मग सरकती करवत घ्यावी कुणी? ज्याला रोज आठ-दहा इंची फळ्या, जिन्याच्या पायऱ्या, रुंद शेल्फ आडवे कापायचे आहेत, त्याने आजच घ्यावी आणि चांगलीच घ्यावी. स्वस्तातली सरकती घेण्यापेक्षा साधी चॉप सॉ कितीतरी बरी. पण घेणाऱ्याने भुसा ओढणारं यंत्रही त्याच दिवशी घ्यावं. लाकडाच्या बारीक धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. मायटर सॉच्या मागच्या पिशवीत थोडाच भुसा जातो, बाकीचा समोर उभ्या असलेल्या पोराच्या नाकात. लाखाच्या करवतीपुढे तोंडाला रुमाल बांधून उभा असलेला अठरा वर्षांचा मुलगा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. त्या मालकाला मी तोंडावर बोललो आणि इथेही बोलतो : तुझी अचूकता गेली चुलीत.

मला करवत विकायला आलेल्याने शेवटचा पत्ता टाकला तो सरकारी कर्जाचा. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत सुतार आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख कर्ज. योजना चांगली आहे, सुतारांनी जरूर घ्यावी. पण हा गृहस्थ म्हणाला, "पहिला लाख मशीनमध्ये घाला." का घालू? १५,००० मध्ये ओल मोजायचा मीटर, एक चांगलं ब्लेड, खात्रीचा गुण्या आणि चार क्लॅम्प येतात, आणि यांतली प्रत्येक वस्तू माझ्या कामात रोज लागते. लाखात लाकूड येतं. सुताराचं खरं भांडवल म्हणजे त्याच्याकडे पडून असलेलं सुकं लाकूड, आणि नेमकं तेच कुणाला दिसत नाही. शेडमध्ये येणारा माणूस चकचकीत यंत्राचा फोटो काढतो. फळ्यांच्या थप्पीवर तो टेकून बसतो आणि चहा मागतो.

मी लाख थप्पीत घातला. नोव्हेंबरमध्ये शेडच्या उत्तरेला पत्रा वाढवला, साग आणला, थराथरात इंचाच्या पट्ट्या घालून रचला. टोकांना ऑइलपेंट फासला, कारण इथल्या कोरड्या हवेत टोकं आधी सुकतात आणि चिरतात. एका फळीवर पेन्सिलने रेघ मारून तिथेच दर वेळी कॅलिपर लावतो आणि आकडा फळीवरच लिहितो. १ डिसेंबर : १००. १ फेब्रुवारी : ९९.१. १ एप्रिल : ९८.४. हे दीड मिलिमीटर मागच्या वर्षी साहेबांच्या भिंतीवर आकसले होते. यंदा ते माझ्या शेडमध्ये आकसले.

नव्या गिऱ्हाइकांना मी आता तारीख देताना थप्पी दाखवतो. दोघे परत गेले, त्यांना घाई होती. तिघे थांबले.

काल मोजलं, ९८.१. मीटरवर आकडा ९. पोऱ्याने त्या फळीला रंधा मारून पाहिला आणि निघालेली ढलपी मुठीत दाबली. तिचा चुरा झाला. "आता गावलं बघा, मालक," तो म्हणाला. उद्या सकाळपासून कापायला घेतोय, त्याच बारा वर्षं जुन्या करवतीवर.